दोन मार्कांची बाई

दोर वळणाऱ्या बाईचा निम्मा जन्म उलटं चालण्यात जातो. घायपाताच्या पानांतून काढलेला वाख कमरेभोवती गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचं, आणि कोणी चाक फिरवू लागलं की बोटांतून वाख सोडत मागं मागं जायचं. साठ पावलं मागं. मग पुढं यायचं आणि पुन्हा साठ पावलं मागं. तोंड चाकाकडे, पाठ जिकडे जायचं तिकडे. थोरलीला या कामात बावीस वर्षं झाली होती. वाटेवरचा खडा न् खडा तिच्या टाचांना पाठ होता. तरी गेली तीन वर्षं चाळिसावं पाऊल पडलं की तिची मान आपोआप ताठ व्हायची, कारण वाटेच्या त्या टोकाला धाकटीची झोपडी होती.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. दीर वारल्यापासून एकटी. आधी ती याच घरात राहायची आणि याच वाटेवर दोर वळायची. आता ती झोपडीपुढं बसून पानं ठेचायची, वाख काढायची, धुऊन वाळत घालायची. तो वाख थोरलीच्या घरी यायचा आणि त्याचे दोर गावभर जायचे. गावाला धाकटीच्या हातचा वाख चालायचा, पण तिच्या हातचा दोर चालत नव्हता. गावाच्या सोवळ्याओवळ्याला असा हिशोब बरोबर जमतो.

त्या वर्षी उन्हाळा अजून दारातही आला नव्हता, तोच विहिरींनी हात टेकले. गावची मोठी विहीर आणखी खोल करायचं ठरलं. माणूस आत सोडायला नवा दोर हवा होता, ऐंशी हात लांब आणि तीन पदरी. काम थोरलीकडे आलं आणि मुदत मिळाली दहा दिवसांची. अकराव्या दिवशी मुलीची शाळेची शेवटची परीक्षा सुरू होत होती. म्हणजे एकाच दहा दिवसांत दोरही वळायचा होता आणि पुस्तकही संपवायचं होतं. थोरलीचा नवरा म्हणाला, "दोन्ही होतं. चाक फिरवायला हात लागतो, वाचायला तोंड लागतं. भांडण कुठंय?"

मुलीला घरात सगळे मास्तरीण म्हणत. बोलायला लागल्यापासून ती घरादाराला शिकवत आली होती. उजव्या हातानं ती चाक फिरवायची. पुढ्यात पुस्तक, पानांवर अर्धी वीट. आई मागं जाईल तसा तिचा आवाज चढायचा, कारण ऐकणारं कोणी नसलं तर तिला पाठ होत नसे.

शाळेला लावलेलं पुस्तक म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीची एक कादंबरी होती आणि धड्याच्या वर जाड अक्षरांत छापलं होतं, 'व्यक्ती आणि समाज'. गोष्ट एका पुलाच्या राखणदाराची. नदीला पाणी चढलं की त्यानं पुलाचं फाटक लावायचं, एवढंच त्याचं काम. एकदा पाणी चढलं, फाटक उघडंच राहिलं आणि एक भरलेली गाडी वाहून गेली. फाटक गावप्रमुखाच्या मुलानं उघडलं होतं. पण गावानं राखणदाराला धरलं. कोणी त्याच्या अंगाला हात लावला नाही, कोणी त्याला हाकललं नाही. फक्त त्याच्याशी बोलणं सोडलं. पुढची तीस वर्षं तो त्याच माणसांसाठी फाटक उघडत राहिला आणि एकानंही त्याला 'येतो रे' म्हटलं नाही.

"राखणदाराच्या एकटेपणाला तो स्वतः जबाबदार की समाज? आठ मार्क," मास्तरीण ओरडली. आई तेव्हा तिसाव्या पावलावर होती.

"मग कोण?"

"समाज. गाईडमध्ये तसंच दिलंय. पाच मुद्दे आहेत."

"समाज म्हणजे कोण गं?"

"समाज म्हणजे सगळे."

"सगळे म्हणजे कोण कोण?"

"अगं आई, सगळे म्हणजे सगळे. त्यात अमकी तमकी असं नसतं. पेपरात कोण विचारतंय एकेकाला?"

थोरलीला हे ऐकून बरं वाटलं. इतकं बरं तिला तीन वर्षांत वाटलं नव्हतं. समाज. केवढा ऐसपैस शब्द! गाव मावतं, रस्ता मावतो, घर मावतं आणि एखादी बाई त्यात कुठं जाऊन बसली ते दिसतसुद्धा नाही. तिनं तो शब्द मनातल्या मनात दोनदा म्हटला. तेवढ्यात चाळिसावं पाऊल पडलं आणि मागून येणारी मोगरीची थपथप थांबली. धाकटीनं पानं ठेचायचं थांबवलं होतं. थोरलीनं वळून पाहिलं नाही. सूत हातात असताना वळून पाहता येत नाही, आणि नसतं तरी तिनं पाहिलं नसतं.

तीन वर्षांपूर्वी काय झालं ते गावात लहान मुलालाही ठाऊक होतं आणि खरं कोणालाच ठाऊक नव्हतं.

या घरची रीत अशी की दोराच्या पोटात वळणाऱ्या बाईनं आपला रंगीत धागा घालायचा. थोरलीचा लाल, धाकटीचा निळा. दोर देताना चारचौघांत टोक उकलायचं, धागा दाखवायचा आणि म्हणायचं, हा माझ्या हातचा. तेव्हा गावात निळ्या धाग्याला मान होता. विहिरीवाले येत तेव्हा दारातूनच सांगत, "दोर धाकटीच्या हातचा हवा." थोरली हसून म्हणायची, "आम्ही काय मग माश्या मारतो?" हसायची खरी, पण ते तिला लागायचं.

तेव्हाही असाच कोरडा उन्हाळा होता. धाकटीनं विहिरीच्या दोराचा शब्द दिला आणि तापानं आडवी झाली. चार दिवस तिला शुद्ध नव्हती. दोर उद्यावर आला तेव्हा तो थोरलीनं वळला. नवरा मुलीला घेऊन परगावी गेला होता, चाक तिनं वाटेवरच्या एका परक्या पोराकडून फिरवून घेतलं. जावेचा शब्द राहावा म्हणून तिनं त्यात निळा धागा घातला. घाई होती. वरचा वाळलेला वाख संपला म्हणून तिनं ढिगाच्या तळातला ओढला. तो सर्द होता, हाताला आंबूस वास आला होता. तो वास आला तेव्हा आपण का थांबलो नाही, हे तिला आजवर स्वतःलाही सांगता आलं नव्हतं. घाई होती म्हणून? की दोर निळ्या धाग्याचा होता म्हणून? या दुसऱ्या प्रश्नाशी ती कधी फार वेळ थांबत नसे.

दोर तुटला. विहिरीवाल्याचा थोरला भाऊ तळाशी गेला तो चादरीत गुंडाळूनच वर आला. कोणीतरी तुटकं टोक उचलून धरलं. निळा! नवरा म्हणाला, "धाकटीचा आहे." थोरलीनं तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होता. पण तेवढ्यात मेलेल्याच्या आईनं हंबरडा फोडला, आणि मग बोलायची जागाच राहिली नाही. घरी गेल्यावर सांगू, असं तिनं ठरवलं. मग उद्या. मग दहावा दिवस होऊन गेल्यावर. मग असा एक दिवस आला की त्यानंतर सांगितलं असतं तर लोकांनी पहिला प्रश्न विचारला असता, इतके दिवस काय करत होतीस?

धाकटी एकदाच बोलली होती. "मी तापात होते," म्हणाली. लोक म्हणाले, तेच तर, तापात वळला म्हणूनच तुटला. त्यानंतर ती बोलली नाही आणि तिच्याशीही कोणी बोललं नाही. महिन्याभरानं आपली पेटी आणि चटई घेऊन ती वाटेच्या त्या टोकाला राहायला गेली. तिनं सांगितलं होतं, "मोगरीचा आवाज लांब बरा." थोरली तिला पेटी उचलू लागली होती.

तेव्हापासून सूत ताणलं की थोरलीला पलीकडे वजन जाणवायचं. आकड्यात नुसतं सूत असायचं, पण हाताला वाटायचं कोणीतरी त्याला धरून खाली लोंबकळतंय. ती हे कोणालाच सांगू शकत नव्हती. बोटं दुखतात, एवढंच ती म्हणायची.

पाचव्या दिवशी तिच्या डाव्या अंगठ्यात वाखाचं कुसळ मोडलं. थोरली डावखुरी. अंगठा सुजून टोमॅटोसारखा झाला तरी मुदत मुदत होती. तिनं चिंधी बांधली आणि काम चालू ठेवलं. चिंधीतून पाणी यायचं आणि वाखाला लागायचं.

"आज शेवटचा भाग," मास्तरीण म्हणाली. "गौण पात्रं. दोन दोन मार्कांची."

"गौण म्हणजे?"

"म्हणजे गोष्टीत असतात, पण असून नसल्यासारखी. गाडीवान, राखणदाराचा कुत्रा, आणि खिडकीतली बाई."

"कुठल्या खिडकीतली?"

"सांगितलं की परवा. तू तेव्हा पार त्या टोकाला होतीस. पुलासमोर एक घर असतं. त्या घरातली बाई खिडकीत उभी असते. ती प्रमुखाच्या मुलाला फाटक उघडताना बघते."

थोरलीच्या बोटांतून वाख जास्तच सुटला. सुतात गाठीएवढा फुगवटा आला.

"मग?"

"मग काय? बघते."

"बोलत नाही?"

"नाही."

"पुढं कधीतरी बोलत असेल. पुस्तक मोठं आहे."

"आई, तिचं पुढं काहीच नाही. एकदा येते आणि संपते. लेखक तिला विसरला असेल. आमच्या बाई म्हणतात, तिच्यावर वेळ घालवू नका, दोनच मार्कांची आहे."

थोरली पुढं आली, आकडा सोडवला, नवा वाख कमरेला बांधला.  तीस वर्षं ती बाई त्या खिडकीत काय करत असेल? स्वयंपाक करत असेल, मुलं मोठी करत असेल. ती पुलावरून जाताना राखणदार फाटक उघडत असेल आणि ती खाली बघत असेल. दुपारभर थोरलीला ती खिडकी दिसत राहिली. समाज हा शब्द आठवून पाहिला, पण आता त्यात तिला बसायला जागा सापडेना.

दुसऱ्या दिवशी पाणी भरायला गेली तेव्हा तिनं धाकटीला पाहिलं. मोठ्या विहिरीवर रांग होती. धाकटी आली तशा बायकांनी आपापल्या कळशा जराशा सरकवल्या, फार नाही, वीतभर. कोणी चकार शब्द काढला नाही. धाकटी रांगेच्या बाहेर उभी राहिली आणि सगळ्यांचं भरून झाल्यावर गढूळ उरलेलं तिनं भरलं. विहिरीच्या आडव्या लाकडाला खिळा होता आणि खिळ्याला तीन वर्षांपूर्वीच्या दोराचं वरचं टोक लटकत होतं. तिथं ते कोणी अडकवलं माहीत नाही, काढायचंही कोणी मनावर घेतलं नव्हतं. निळा धागा उन्हानं विटून राखाडी झाला होता. थोरलीनं भरलेली कळशी उचलली आणि सगळ्यांबरोबर निघाली.

आठव्या दिवशी मास्तरीण वही घेऊन बसली. तीन पदर तयार व्हायचे होते, त्यांतले दोन झाले होते. आदल्या दिवशी शाळेत नवा प्रश्न दिला होता. कादंबरीतल्या राखणदारासारखं तुमच्या परिसरात कोणी असेल तर उदाहरण देऊन लिहा. मास्तरिणीचा चेहरा खुलला होता. वर्गात इतकं चांगलं उदाहरण कोणाकडेच नव्हतं.

"ऐक हं," ती म्हणाली आणि आवाज खाली आणून वाचू लागली, "माझी काकू दोर वळत असे. एकदा तिच्या हातून चूक झाली आणि एका माणसाचा जीव गेला. समाजानं तिला क्षमा केली नाही. चूक माणसाकडून होते, परंतु समाज निष्ठुर असतो. कसंय?"

थोरलीनं कमरेचा वाख सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

"आई? बरं नाहीये?"

"ते हळू का वाचलंस?"

"काकूला ऐकू जाईल ना. तिला वाईट वाटेल. तिची बाजूच घेतलीये मी, पण तरी."

"हे पेपरात लिहिणार तू?"

"मग? शाईनं. आणि पेपर दूर कुठंतरी जातात तपासायला. आपली काकू किती लांब जाणार बघ!"

 इतके दिवस ते खोटं गावाचं होतं. आता ते तिच्या पोरीच्या अक्षरात उतरणार होतं, चांगल्या वळणदार अक्षरात, आणि तेही काकूच्या मायेपोटी. परीक्षेच्या आधी बोलायला हवं होतं. नाहीतर कधीच नाही, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं. 

तिसरा पदर तिनं त्या दुपारी वळला. लाल धाग्याच्या रिळाशेजारी निळ्याचं जुनं रीळ पडून होतं, धुळीनं माखलेलं. तिनं दोन्ही उचलली. लाल घातला आणि त्याला लागून निळा घातला. चाळिसाव्या पावलावर मागची थपथप थांबली. पन्नासाव्यावर ओल्या पानांचा उग्र वास आला. साठाव्यावर धाकटी तिच्या पाठीशी हातभर अंतरावर असणार होती. थोरलीला तिचा श्वास ऐकू आला. कदाचित स्वतःचाच असेल. "उद्या-परवात बोलते," थोरली चाकाकडे बघत हलकेच म्हणाली.  मागून मोगरी पुन्हा सुरू झाली.

दहाव्या दिवशी सकाळी नवऱ्यानं तीन पदर एकत्र वळून दोर पुरा केला आणि थोरलीनं टोक बांधलं. नवरा दोर खांद्यावर घेऊन विहिरीवर गेला, मागं थोरली, तिच्यामागं मास्तरीण. विहिरीवाला कंबर कसून उभा होता. आता भावाच्या जागी तोच उतरायचा. गावातली दहा-वीस माणसं होती, रांगेतल्या बायका होत्या.

थोरलीनं रीतीप्रमाणे टोक उकललं. लाल दिसला, आणि लालाला बिलगलेला निळा.

"हे काय?" विहिरीवाला एक पाऊल मागं सरला. "तिचा हात लावलात दोराला?"

"नाही," थोरली म्हणाली. आवाज चिरका निघाला, म्हणून ती पुन्हा म्हणाली, "नाही. दोर माझ्या हातचा आहे. आणि तोही माझ्याच हातचा होता."

"कोणता?"

तिनं खिळ्याकडे बोट केलं. "तो. ती तापात होती. मी वळला आणि तिचा धागा घातला. वाख सर्द होता, मला वास आला होता. तिनं त्या दोराला बोटही लावलं नव्हतं."

 नवऱ्यानं आधी तिच्याकडे आणि मग लोकांकडे पाहिलं. "रात्रंदिवस काम केलंय तिनं. अंगठा बघा कसा झालाय. तापच असेल अंगात," तो घाईघाईनं म्हणाला.

"अहो, ताप नाही मला."

मग रांगेतली एक म्हातारी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "जाऊ असावी तर अशी. बघा गं बायांनो. तिचं ओझं आपल्या डोक्यावर घेतीये." आणि जमलेल्या माणसांत एक सुस्कारा पसरला, सुटकेचा. सगळ्यांना ते पटलं.

"मी ओझं घेत नाहीये! माझंच आहे ते!" थोरली ओरडली. तिनं खिळ्यावरचं टोक ओढून काढलं आणि नव्या दोराच्या टोकाशी धरलं. "बघा. मी डावखुरी. उकललेल्याखाली टोकाची बांधणी डावीकडून आहे. दोन्हीकडे. धाकटी उजवीकडून बांधते."

विहिरीवाल्यानं दोन्ही टोकं हातात घेतली. तो बराच वेळ बघत राहिला. त्याच्या बोटांना दोर कळत होते, त्याचा जीवच त्यावर असायचा. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, ते थोरलीनं पाहिलं. मग ते गेलं. तीन वर्षं तो धाकटीच्या दारावरून थुंकून जात आला होता. त्या थुंकण्याचं आता काय करायचं, हे त्याला सुचलं नसावं.

"तिला वळायला कोणी शिकवलं? तुम्हीच ना?" तो म्हणाला. "मग बांधणी तुमच्यासारखीच असणार. जाऊ द्या वहिनी. तुमचं मन मोठं आहे, ते कळलं सगळ्यांना. पण जीव माझा आहे."

त्यानं नखानं टोकातला निळा धागा ओढून काढला, दातानं तोडला आणि वीतभर तुकडा तिच्या हातावर ठेवला. आत ऐंशी हात निळा तसाच होता, हे त्यालाही माहीत होतं. पण तो दिसत नव्हता, तेवढं त्याला पुरलं. त्यानं दोर कमरेला बांधला आणि विहिरीत उतरू लागला. जुनं टोक कोणीतरी उचलून पुन्हा खिळ्याला अडकवलं.

थोरली उभी राहिली. बायका तिच्याकडे मायेनं बघत होत्या. एकीनं पुढं होऊन तिची कळशी भरून दिली. थोरलीला वाटलं, यापेक्षा कळशा सरकवल्या असत्या तर बरं झालं असतं. मास्तरीण तिथं नव्हती. ती केव्हाच निघून गेली होती.

घरी येऊन थोरलीनं कळशी ठेवली आणि वाटेनं सरळ चालत गेली. तीन वर्षांत पहिल्यांदा ती त्या टोकाकडे तोंड करून चालत होती. वाट तिला ओळखीची वाटेना. धाकटी झोपडीपुढं बसलेली तिला चाळीस पावलांवरूनच दिसली. डोक्यावर पदर नव्हता, केस पिकले होते. हे कधी झालं?

"मी सांगितलं त्यांना," थोरली म्हणाली.

"मास्तरीण सांगून गेली."

"कोणी मानलं नाही."

धाकटीनं ठेचलेलं पान बाजूला केलं आणि दुसरं घेतलं. "आता कशाला मानतील? मानलं तर तीन वर्षं परत द्यावी लागतील. कुठून देणार?"

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. टोक हातात आलं की कळतंच जाऊबाई. तुमची बांधणी मी ओळखणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." धाकटीनं हे अगदी साधेपणानं सांगितलं. "आधी वाटलं, आज बोलतील. मग वाटलं, दिवस झाले की बोलतील. तुम्ही पेटी उचलायला आलात ना, तेव्हा तर मला वाटलं, आता बोलणारच."

थोरलीला रडू फुटलं. तिनं ते आवरलं नाही. हातातला धाग्याचा तुकडा पुढं करून ती म्हणाली, "आता मी माझ्या सगळ्या दोरांत निळाच घालीन. एकूण एक. बघते मग कोण घेत नाही ते."

धाकटीनं तुकडा घेतला आणि उजेडात धरून पाहिला. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझा धागा तुम्ही दोनदा घातलात. एकदा माझा शब्द राहावा म्हणून, आणि आता तुमचं मन हलकं व्हावं म्हणून. मला एकदा तरी विचारलंत?"



धाकटी उठली. गुडघे धरून, सावकाश. वळणीवरचा वाळलेला वाख तिनं काढला, मूठ नाकाशी नेऊन वास घेतला, मग कमरेभोवती गुंडाळला. निळा तुकडा पदराला बांधला आणि चाकाकडे चालू लागली. थोरली मागं गेली. चाकाजवळ मास्तरीण बसली होती, मांडीवर वही, डोळे लाल. आईकडे तिनं पाहिलं नाही.

"चाक कोण धरतंय?" धाकटीनं विचारलं.

थोरली पुढं झाली. डावा हात कामाचा नव्हता, उजव्यानं तिनं मूठ धरली. धाकटीनं वाखाचं टोक आकड्यात अडकवलं.

"हा दोर घेणार कोण, काकू?" मास्तरीण घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"कोणी घेतला नाही तर मी वापरीन. वाळत घालायला लागतोच. उद्या पेपर ना तुझा?"

"हो. ते उदाहरण आता लिहू की नको, काकू?"

"ते मग बघू. आधी दोन मार्कांचं वाच. त्या खिडकीतल्या बाईचं. मोठ्यानं वाच, मला त्या टोकाला नीट ऐकू येत नाही कधी कधी."

"तिचं पुढं काही नाहीये."

"जेवढं आहे तेवढं वाच."

चाक फिरू लागलं. धाकटी एकेक पाऊल मागं जाऊ लागली. तोंड चाकाकडे, म्हणजे थोरलीकडे. वळणाऱ्या बाईला चाकावरून नजर काढता येत नाही आणि चाक फिरवणाऱ्याला थांबता येत नाही, थांबलं की पीळ सुटतो. दहा पावलं झाली, वीस झाली. सूत ताणलं गेलं, आणि पलीकडे वजन होतं. खरंच होतं. थोरलीनं मान खाली घालायचा प्रयत्न केला, पण हात चुकू लागला, म्हणून तिला पुन्हा वर बघावं लागलं.

मास्तरिणीनं पानांवरची वीट बाजूला केली.

"समोरच्या घरातली बाई त्या वेळी खिडकीत उभी होती," ती मोठ्यानं वाचू लागली. "तिनं सगळं पाहिलं. मग तिनं खिडकी लावून घेतली आणि ती जेवायला वाढू लागली."

"पुन्हा वाच," चाळिसाव्या पावलावरून धाकटी म्हणाली.